ई-क्लासचा माळ गवतालाच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आमच्या भागातल्या ई-क्लास, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी, जमिनींवर खड्डे पडू लागतात, वृक्षलागवडीचे. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा आमच्या गावच्या बरडावरही लागवड झाली. आज तिथे बुजलेले खड्डे आहेत, गिरीपुष्पाच्या वाळक्या काड्या आहेत, आणि एखादी काडी उपटली तर मुळाशी रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच निघते. बोटभर मातीखाली मुरूम. तिथे झाड जगणार कसे? आणि जगले तरी नुकसानच, असे माझे म्हणणे आहे.

कारण तो माळ रिकामा नव्हता. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं तिथे होती आणि गावची ढोरं त्यावर होती. सोयाबीन आले तशी ज्वारी गेली, ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनच्या नुसत्या कुटारावर, म्हणजे भुशावर, वर्ष निघत नाही, हे ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला सांगावे लागत नाही.

तणमोर हा पक्षी याच गवतात विणीला येतो. वाशिम-अकोल्याच्या माळांवर त्याच्या नोंदी आहेत आणि २०२१ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. पावसाळ्यात नर गवतातून सरळ माणसाच्या उंचीएवढी उडी घेतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात उतरतो. मादीच्या नजरेत भरावे म्हणून दिवसभर हाच उद्योग. अशा पक्ष्याला मोकळा माळ लागतो, गिरीपुष्पाच्या रांगा नाही. तो कुठल्या माळावर उतरतो हे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगलेल्या फासेपारध्यांइतके कुणाला ठाऊक नसते. त्याच समाजातल्या तरुणांनी इकडे त्याची राखण केली आहे. लागवडीचे आराखडे करताना त्यांना कुणी विचारले?

कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे. हरणांना हद्द कळत नाही. आजूबाजूचा माळ मोडला की ती वावरातच येणार. रोही (नीलगायी) तर येतातच. रात्र रात्र जागल करणाऱ्या शेतकऱ्याला वन्यजीवांचे कौतुक ऐकवू नये, नुकसानभरपाई वेळेत द्यावी. पण माळ संपवून हा त्रास कमी होणार नाही, एवढे नक्की.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील झुडपी जंगल हे वनच आहे, असा निकाल दिला. दुसरीकडच्या वनतोडीच्या बदल्यात या जमिनींवर लागवड करायची, तर बिगर वनजमीन उपलब्ध नाही असे मुख्य सचिवांचे प्रमाणपत्र हवे आणि जमीनही दुप्पट, अशी अटही घातली. चांगले झाले. आमच्या वऱ्हाडातल्या ई-क्लासला मात्र तेवढेही कवच नाही. आज लागवड, उद्या सौर प्रकल्प. दिवसा वीज आम्हालाही हवी आहे, पण दर वेळी पहिली जागा गुरांचीच का?

माळ नुसता सोडून दिला तरी तो टिकत नाही. अति चराई झाली की आधी पवन्या-मारवेल संपतात, मग कुसळी माजते, शेवटी तरोटा आणि गाजर गवत. उलट चराई पूर्ण बंद केली तर गवत जून होऊन आडवे पडते, वेडी बाभूळ आणि रानतुळस घुसते, उन्हाळ्यात वणवा पेटतो. यावर तोडगा जुनाच आहे. माळाचे तीन भाग करावेत, पावसाळ्यात दरवर्षी एक भाग आळीपाळीने चराईला बंद ठेवावा, त्यातले गवत बी झडल्यावरच कापावे, म्हणजे तोवर जमिनीवरच्या घरट्यांतली पिल्लंही उडून गेलेली असतात. वेडी बाभूळ मुळासकट काढावी, नुसती तोडली तर दुपटीने फुटते. हे काम रोजगार हमीतून घ्यावे. पाणी मुरवण्यासाठीचे सलग समतल चर मात्र गवताळ भागात खणू नयेत. जेसीबीने उलथलेला मुरूम वर येतो आणि त्यावर चांगले गवत लवकर धरत नाही.

गायकी (गुराखी), फासेपारधी आणि वनरक्षक यांना एकत्र बसवून प्रत्येक गावच्या माळावर कोणते गवत आहे, कोणते पाखरू उतरते, याची नोंद करता येईल. त्याला फार पैसाही लागणार नाही. खड्ड्यांचे काम पावसाआधी उरकतात, म्हणून १ मेच्या ग्रामसभेत 'आमच्या ई-क्लासवर लागवड नको, गवत राखायचे आहे' असा ठराव गावोगावी घ्यावा आणि जिल्हाधिकाऱ्यांनी यंदाच्या लागवडीच्या यादीतून असे माळ वगळावेत, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. कारंजा, जि. वाशिम