बंड्या, आधी उजवा हात कुठे ठेवतोस ते सांग

प्रिय बंड्या,

तू चार बास गिटारचे फोटो पाठवलेस आणि खाली एकच ओळ, "पिकअप कुठले घेऊ, लवकर सांग". म्हणजे तारांखालची ती चुंबक-वेढ्यांची डबी, तारेचं थरथरणं पकडून अँपला पाठवणारी. लवकर काय सांगू, कप्पाळ! मी स्वतः हे चुकत चुकत शिकलोय, त्यात दोन बास घेऊन विकून झाल्या, आणि हे मेसेजमधे मावणारं प्रकरण नाहीये. म्हणून पत्रच लिहितोय, निवांत वाच.

आधी एक कर. कुणाची तरी बास मांडीवर घे, अँपला लावू नकोस. बॉडीच्या वरच्या शिंगाला कान टेकव आणि ई ची, म्हणजे सगळ्यात जाड, मोकळी तार आधी नेकच्या (लांब दांड्याच्या) टोकापाशी छेड, मग बोट थोडं थोडं सरकवत ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा जिथे बॉडीवर अडकवलेल्या असतात तिथपर्यंत ये. नेकपाशी कसा गोल, भरलेला खर्ज येतो बघ, आणि ब्रिजपाशी पोचेपर्यंत तोच सूर कडक होतो, नाकातून बोलल्यासारखा. सूर बदललेला नाहीये हां, ई म्हणजे 41 हर्ट्झ तो तेवढाच आहे, पण ब्रिजवर तार घट्ट धरलेली असते, तिथे तिला झुलायला जागाच नसते, त्यामुळे तिथला आवाज हार्मोनिक्सनी, म्हणजे त्याच सुरात मिसळलेल्या वरच्या बारीक सुरांनी भरलेला असतो आणि पोट कमी. पिकअपचं पण हेच. तो म्हणजे तारेखाली एका जागी ठेवलेला कान, नेककडे ठेवला तर त्याला पोट ऐकू येतं, ब्रिजकडे ठेवला तर दात. चुंबक अल्निकोचं की सिरॅमिकचं, वेढे किती, यावर लोक रात्र रात्र भांडतात, पण निम्मं काम कान कुठे ठेवलाय यावरच होऊन जातं. उरलेलं निम्मं तुझा उजवा हात करतो.

आता फोटोंकडे येऊ. पहिली पी, म्हणजे प्रिसिजन टाइप. फेंडर कंपनीने 1951 ला काढली तेव्हा तिला साधं सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेढ्याचं पिकअप होतं. 1957 ला त्यांनी पिकअपचे दोन तुकडे केले, ई आणि ए या जाड तारांखाली एक, डी आणि जी या बारीक तारांखाली दुसरा थोडा सरकवून, आणि दोघांचे वेढे नि चुंबक एकमेकांच्या उलट. त्यामुळे आजूबाजूच्या वायरिंगमधून येणारी ती घूंऽऽ आपोआप कटते. एक व्हॉल्युम, एक टोन, विषय संपला. लोक म्हणतात पी ला एकच आवाज असतो, खरंय, पण तो एकच आवाज बँडमधे बरोबर जिथे बसायला हवा तिथे जाऊन बसतो. जेम्स जेमर्सनने अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीची कितीतरी गाणी 1962 च्या पी वर, जुन्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारांवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवली. एकाच!

दुसरी जे, जॅझ बास, 1960 ची. दोन सिंगल कॉइल, दोघांना वेगवेगळा व्हॉल्युम. माझी पहिली बास हीच होती. घरी हेडफोन लावून दोन्ही नॉब फुल करायचो आणि काय गोड वाजायचं रे, खाली खर्ज, वर काचेसारखी चमक, वाटायचं झालं, आता आपल्याला कोण अडवतंय. मग पहिली प्रॅक्टिस. दोन गिटारी, एक कीबोर्ड, ड्रम्स. तिसरं गाणं संपलं तसा ड्रमर स्टिक मांडीवर ठेवून अगदी काळजीने विचारतो, "तुझी केबल निघालीये का?"

केबल जागेवर होती.

झालं काय होतं, की दोन पिकअप एकच तार दोन जागांहून ऐकतात, आणि दोघं बरोबरीने चालू असले की मधल्या काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात. मिड्स, म्हणजे मधले सूर, खचतात. एकट्यात तेच कानाला सुंदर लागतं, स्लॅपला (अंगठ्याने तारा आपटून वाजवण्याला) तर फारच, बासवादक मार्कस मिलरची 1977 ची जॅझ बास ऐक म्हणजे कळेल. पण दोन गिटारींच्या गर्दीत नेमके मिड्सच बासला पुढे आणतात. मी ब्रिजचा नॉब जरा मागे घेतला तर लगेच आवाज वर आला. आणि पाठोपाठ घूंऽऽ पण आली. कारण जे मधे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, दोन्ही सारखे चालू असले की गुणगुण कटते, एकाला कमी केलं की जोडी तुटते. तारांवर हात ठेवला की घूं दबायची, हात उचलला की परत, त्यामुळे दोन गाण्यांच्या मधे मी तारा धरून उभा राहायचो, बसमधे दांडा धरल्यासारखा. तरी सांगतो, नुसता ब्रिज पिकअप आणि बोटं ब्रिजच्या जवळ, हा बासवादक जाको पास्टोरियसवाला घुमणारा नाकातला आवाज पी मधून येतच नाही. तो हवा असेल तर माझं सगळं लेक्चर बाजूला ठेव आणि जे घे.

तिसरी पीजे, म्हणजे मधे पी चं पिकअप आणि ब्रिजकडे जे चं. दोन्हीतलं चांगलं एकात, असं समजून मी दुसऱ्यांदा फसलो ती हीच. वाईट नसते रे, पण मधलं पी दांडगं आणि ब्रिजचं जे बिचारं किरकोळ, दोघांचा आवाज जुळता जुळत नाही. स्क्रूने जे तारेजवळ उचल, पी खाली दाब, असं करत मी एक अख्खा रविवार घालवला. त्यात नुसतं जे लावलं की परत गुणगुण, कारण त्याचा जोडीदारच नाहीये. गुणगुण न करणारं जे बसवलेलं असेल तर हा भाग सुटतो, घेताना विचार. खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळ पी वरच असायचो आणि जे किंचित मिसळायचो, सूर जरा स्पष्ट होतात तेवढ्यासाठी.

चौथी ब्रिजकडे एकच मोठा हंबकर, म्हणजे घूं कापणारं दोन वेढ्यांचं पिकअप असलेली. हे घराणं म्युझिक मॅन स्टिंगरेचं, 1976 चं, आणि त्यामागे पण लिओ फेंडरच होता, आधीची कंपनी 1965 ला विकल्यानंतर. आत 9 व्होल्टची बॅटरी आणि प्रीअँप (आवाज अँपला जायच्या आधीच वाढवणारं छोटं सर्किट). शीक या डिस्को बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्सने ही वाजवली. ठसकेबाज आवाज, लपायला जागा नाही, बोट चुकलं की सगळ्यांना कळतं. एक गोंधळ मात्र काढून टाक, बॅटरीवाल्या बासला ॲक्टिव्ह म्हणतात, पण म्हणजे पिकअप ॲक्टिव्ह असं दरवेळी नसतं, बऱ्याचदा पिकअप साधेच असतात आणि बॅटरी प्रीअँपला लागते. आणि केबलचा जॅक आत राहिला की बॅटरी जळत राहते, असंच विसरत राहिलास की एक दिवस आवाज फाटायला लागतो आणि तू अँपला शिव्या घालतोस.

तर तुझ्यापुरतं. तू अर्धा वेळ पिकने (तार छेडायच्या पातीने) वाजवतोस, तुमच्या बँडमधे दोन गिटारी आहेत आणि त्यातला एक गडी आवाज कमी करायला जन्मात तयार होणार नाही. माझं मत पी. फक्त नेक हातात धरून बघ, पी ची नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला, रुंदी बहुतेक 42 मिलिमीटरच्या आसपास असते, जे ची 38, ऐकायला काहीच नाही पण डाव्या हाताला दोन तासांनी फरक कळतो.

ट्राय करताना अँपचे ईक्यूचे (बास, मिड, ट्रेबलचे) सगळे नॉब मधोमध ठेव आणि प्लीज, एकट्याने स्लॅप करत बसू नकोस, त्यात सगळ्याच बास भारी वाटतात. फोनवर ड्रम ट्रॅक लाव, मोठ्याने, आणि तुझ्या गाण्यांतली सगळ्यात कंटाळवाणी लाइन पाच मिनिटं वाजव. मग बास दुसऱ्या कुणाला दे आणि स्वतः खोलीच्या पार टोकाला जाऊन ऐक. चारही तारा सारख्या ऐकू येतात का बघ, कधी कधी जी ची तार मार खाते. आवाज जरा बोथट किंवा पत्र्यासारखा वाटला तर लगेच नापास करू नकोस, आधी तारा कुठल्या आणि किती जुन्या ते विचार, तारा बदलणं पिकअप बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं.

आणि एवढं वाचूनही जे च घेतलीस तर मी काही रागावणार नाही. ड्रमरने केबलचं विचारलं की ब्रिजचा नॉब जरासा मागे घे.

तुझा,
पप्या

ता.क. चौथ्या फोटोतल्या बासचा रंग बघून तू आधीच ठरवून टाकलंयस ना? खरं सांग.