जादूने संपकऱ्यांची भूक झाकू नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इतिहास आणि जादू यांचा मेळ घालणारी कादंबरी मराठीत रुजत नाही, असे मत आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात वाचले. ते मला मान्य नाही. 1860 नंतरची दोन-तीन दशके मराठी कादंबरीत अद्भुतरम्यतेचीच चलती होती. आणि गावदेवीचा कौल, भगताचा अंगारा, अंगात येणे हे सारे वगळून आमच्या आगरी-कोळी गावांचा इतिहास सांगणे अवघडच आहे. नेरुळ-बेलापूरची तरुण मुले इंग्रजी कादंबऱ्यांतील जादूगार आणि तिकडच्या गिरणी कामगारांचे उठाव आवडीने वाचतात, पण पनवेल-पेण ओलांडले की लागणाऱ्या अलिबाग तालुक्यातील चरी गावचा शेतकरी संप त्यांच्या कानावरही आलेला नसतो, याचे मला फार वाईट वाटते.

खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदार जमीनदारांच्या, जाचाला कंटाळलेल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 साली हा संप पुकारला. पंचवीस गावांतील शेतकऱ्यांनी खोतांची भातशेती कसायचे नाकारले आणि 1939 पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा पावसाळे, त्या जमिनी पडीक राहिल्या. घरात दाणा नसताना लाकूडफाटा विकून आणि खाडीची मासळी धरून माणसांनी दिवस काढले. डॉ. आंबेडकर या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

या संपावर कादंबरी लिहायची तर कौटुंबिक संघर्ष बाहेरून आणावा लागत नाही. मृगाचा पाऊस पडून गेला आहे, पोरे उपाशी आहेत, धाकटा भाऊ म्हणतो की यंदा राब भाजून पेरणी करू, थोरला गावाला दिलेला शब्द मोडायला तयार नाही, आणि धाकट्याचा सासरा खोताच्या पदरी आहे, अशा घरात चुलीजवळ बसलेल्या दोघी जावा एकमेकींशी काय बोलत असतील? अद्भुताची जागा मला इथे दिसते. खोताच्या खळ्यावर असे एखादे माप असावे की त्यात कितीही भात ओतले तरी ते काठोकाठ भरू नये, आणि कुळाच्या म्हातारीला त्या मापाच्या तळाशी आपल्या नवऱ्याचे, सासऱ्याचे घामाने भिजलेले हात दिसावेत. अशी जादू अन्याय लपवत नाही, तो डोळ्यांसमोर धरते.

याउलट एखाद्या मांत्रिकाने मंत्र टाकून पडीक शेतात रातोरात भात उगवले, किंवा शापाने खोताचा वाडा जाळला, तर सहा वर्षे पोटाला चिमटा घेऊन एकजूट टिकवलेल्या माणसांचे श्रेय हिरावले जाईल. संप माणसांनी केला आणि तो निभावलाही माणसांनीच. लेखकाने कल्पनेची झेप कितीही उंच घ्यावी, पण या गोष्टीला धक्का लावू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्यांचे आप्त आजही आपल्यात आहेत, म्हणून त्या विषयाला हात घालणाऱ्याने तर अधिकच जपून लिहावे.

आणखी एक तक्रार. आमच्या भागातील एका ग्रंथालयात जादूचा उल्लेख असलेली झाडून सारी पुस्तके बालविभागात लावली जातात, त्यामुळे प्रौढ वाचकाच्या ती नजरेसच पडत नाहीत. ग्रंथपालांनी ती कादंबरी विभागात आणावीत. आपल्या परीक्षणाच्या पानावरही अशा कादंबरीविषयी लिहिताना केवळ तिच्या चमत्कारांचे कौतुक न करता त्यातील खोत, कूळ आणि घरातील बाया-बापड्या किती खऱ्या उतरल्या आहेत, हे तपासले जावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई