खाडीचा वास आणि मामाची रील

चिन्या,

मामाची ती रील, थ्रीआय ॲटलास म्हणजे परग्रहावरच्यांचं यान आहे आणि नासाने त्याचे फोटो दाबून ठेवलेत म्हणणारी, तू मला परवा रात्री साडेअकराला पाठवलीस आणि खाली एकच ओळ, आई तू केमिस्ट ना, खरंय का हे. मी ओटा पुसून नुकती आडवी झाले होते, अंगठा पाठवला आणि झोपले. सकाळी वाईट वाटलं, कारण लहानपणी पण तू हेच विचारायचास, तिकडे वर कोणी आहे का, आणि तेव्हा पण मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असायचे. तर आता नीट सांगते. ठाण्याहून रबाळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मिळतात, जाताना थोडं येताना थोडं असं तीन दिवस टाइप करतेय, त्यामुळे विषय इकडून तिकडे उडेल, चालवून घे.

रीलचं आधी उरकते. तो थ्रीआय ॲटलास म्हणजे धूमकेतू आहे. १ जुलै २०२५ ला चिलीमधल्या दुर्बिणीला दिसला, सूर्यमालेच्या बाहेरून आलेला आपल्याला माहीत असलेला फक्त तिसरा पाहुणा, आधीचे दोन २०१७ आणि २०१९ मधले. त्यातला २०१९ चा तर क्रिमियातल्या एका हौशी माणसाने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधलाय, हे मला जास्त भारी वाटतं. १९ डिसेंबरला हा तिसरा पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला, जवळ म्हणजे २७ कोटी किलोमीटर, सूर्यसुद्धा आपल्यापासून १५ कोटीवर आहे. हे यान असू शकेल असं हार्वर्डचे एक प्राध्यापक बोलत राहिले आणि रीलवाल्यांनी त्यातलं "असू शकेल" तेवढं कापून टाकलं. आणि नासाने फोटो दाबून ठेवले म्हणतात ना, तर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत सरकारी कामकाजच बंद होतं, चालू झाल्यावर १९ नोव्हेंबरला दिले फोटो. आपल्याकडे तलाठी रजेवर असला की उतारा मिळत नाही, त्यात कोणी कट शोधत नाही.

पण तुझा प्रश्न रीलचा नव्हताच, मला माहितीये.

आता आमची गाडी खाडीवर आलीय. ओहोटी आहे. डब्यातल्या अर्ध्या बायकांनी ओढणी नाकाला लावलीय. तू पण लावायचास, ऐरोलीच्या पुलावरून जाताना तर श्वास धरून आकडे मोजायचास आणि मुलुंडपर्यंत लाल व्हायचास. तो सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आम्ही एचटूएस म्हणतो. आता खाडीत शहराची घाण येते हे खरंच आहे, त्याचं मी समर्थन करणार नाही, माझा पगारच त्यावर चालतो. पण खाडी अगदी स्वच्छ असती तरी कांदळवनाच्या चिखलाला हा वास थोडा येतोच, कारण बोटभर खाली गेलं की ऑक्सिजन संपतो आणि तिथे जे जंतू राहतात ते ऑक्सिजनच्या ऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात. आपण श्वास सोडतो तसा ते एचटूएस सोडतात. त्यांच्याही खाली मिथेनवाले, म्हणजे मिथेन वायू सोडणारे जंतू. एवढंसं सरोवर नाही, समुद्र नाही, चिखल आहे नुसता, पण त्यात मजल्यामजल्यावर बिऱ्हाडं आहेत.

मिथेनवाले माझ्या ओळखीचे. आमच्या सांडपाण्याच्या प्लांटचा डायजेस्टर म्हणजे मोठी बंद टाकी, आत हवा अजिबात नाही, आणि काळंकुट्ट स्लज, म्हणजे सांडपाण्यातला गाळ. तिथे काम करतात ते हेच. पगार नको, सुट्टी नको, पण नखरे फार, जरा आंबटपणा वाढून पीएच खाली गेला की रुसून बसतात आणि मग आठवडाभर मी आणि ऑपरेटर चुना घालत त्यांची मनधरणी करतो. नवीन टाकी चालू करताना त्यांना आणायचं कुठून तर शेणातून, चक्क टँकर भरून शेण ओततो. ओतूरला पणजीकडे गोबर गॅस होता, तू त्या घुमटावर उभा राहायला गेला होतास आणि ओरडा खाल्ला होतास, आठवतंय? तेच ते. गाईच्या पोटात, भाताच्या खाचरात, खाडीत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे लपून बसलेत. लपून म्हणते कारण साधारण २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत सगळी पृथ्वीच त्यांची होती, हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच, मग प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जंतूंनी तो सोडायला सुरुवात केली आणि यांच्यासाठी ते विष झालं. आपण सगळे त्या विषावर वाढलेलो.

हे का सांगतेय तर त्यामागे १९७७ साल आहे. माझं जन्मसाल. बाबा मला चिडवतो की तुझ्या जन्माच्या वर्षी जगात काही घडलंच नाही, आणीबाणी उठली एवढंच. तर ऐक.

त्या वर्षी फेब्रुवारीत गॅलापागोस बेटांजवळ काही भूगर्भवाले समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे शोधायला गेले होते, अडीच हजार मीटर खाली, जिथे सूर्याचा कवडसा पण पोचत नाही. झरे सापडलेच पण भोवती शिंपले, खेकडे, मोठमोठे नळीसारखे किडे, पूर्ण वस्ती. बोटीवर एकही जीवशास्त्रवाला नव्हता, कारण कोणाला अपेक्षाच नव्हती! सॅम्पल टिकवायला फॉर्मेलिन पुरेसं नव्हतं म्हणून पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात बुडवून आणले ते जीव. (हे मी लॅबमधल्या पोरांना सांगितल्यापासून ते प्रिझर्व्हेटिव्हच्या नावाखाली काय काय इंडेंट टाकतात विचारू नकोस.) आणि वर आल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं तर सगळ्या लॅबभर सडक्या अंड्याचा वास. एचटूएस. तोच आपला ऐरोलीचा. ती सगळी वस्ती एचटूएस खाणाऱ्या जंतूंच्या जिवावर उभी होती. तोपर्यंत सगळं जीवन शेवटी उन्हावरच चालतं असं शाळेत शिकवायचे.

मग नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्सने छापलं की हे मिथेनवाले जंतू बॅक्टेरिया नाहीतच, जीवांची वेगळीच तिसरी शाखा आहे, आता आर्किया म्हणतात. बऱ्याच मोठ्या लोकांनी वोसला वेड्यात काढलं, तो मात्र बरोबर होता. आणि त्याने तपासलेल्यातला एक जंतू आला कुठून होता? त्यांच्याच गावच्या सांडपाण्याच्या स्लजमधून. मी हे वाचलं तेव्हा दुसऱ्या दिवशी डायजेस्टरला नमस्कार करून मग सॅम्पलिंगचा व्हॉल्व्ह उघडला, ऑपरेटरला वाटलं मॅडमचा उपास आहे.

मधल्या काळात, ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ सुटलं. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, ५५ भाषांमधले नमस्कार, त्यात मराठी आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवी. मैफल संपवायची भैरवीने आणि आपण परक्यांना पहिली ओळख करून देताना तीच पाठवली, असो. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या, यान सुटल्यानंतर अकरा दिवसांनी. ते यान अजून चाललंय, जवळजवळ अडीच हजार कोटी किलोमीटरवर, तिथून निघालेला सिग्नल आपल्यापर्यंत यायला २३ तासांच्या वर लागतात. तू होस्टेलवरून आईच्या मेसेजला दोन दिवसांनी उत्तर देतोस त्यापेक्षा बरं म्हणायचं.

आता मुद्द्यावर येते. आपण "तिकडे कोणी आहे का" म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर मोठ्या डोक्याचा हिरवा माणूस येतो. माझं मत विचारशील तर आधी स्लज भेटेल. हिशोब बघ ना, पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं, जंतू निदान ३५० कोटी वर्षांपासून आहेत, आणि डोळ्यांना दिसतील असे प्राणी गेल्या ६० कोटींच्या आसपासचे. म्हणजे बाहेरून कोणी आपल्याकडे कधीही डोकावलं असतं तर बहुतेक वेळा त्यांना फक्त खाडीचा चिखलच दिसला असता, आणि ते म्हणाले असते छे, कोणी नाहीये इथे.

शनीचा चंद्र आहे एन्सेलाडस, केवढासा तर आरपार ५०० किलोमीटर, साधारण ठाण्याहून रेल्वेने सावंतवाडी. वर बर्फ, उणे २०० च्या आसपास, पण आत खारट समुद्र आणि दक्षिण ध्रुवाच्या भेगांमधून त्याची कारंजी उडतात. कॅसिनी यान त्या कारंज्यातून गेलं, त्यात पाणी, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि हायड्रोजन मिळाला. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड! अरे हे तर माझ्या लोकांचं जेवण आहे, दोन्ही घ्यायचे आणि मिथेन सोडायचा, डायजेस्टरमध्ये रोज चालतं. मिथेन खडक आणि गरम पाण्यानेही बनतो, त्यामुळे जीव आहेत असं कोणी म्हणत नाही, मी पण म्हणत नाहीये. पण ताट वाढलेलं आहे एवढं दिसलंय.

१२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहाचंही तू मागे विचारलं होतंस. तिथे समुद्री शेवाळाकडून येणारा एक वायू असावा असं केंब्रिजचे निक्कू मधुसूदन म्हणाले, एप्रिल २०२५ मध्ये खूप गाजलं, पण दुसऱ्यांनी तोच डेटा तपासला तर त्यांना तो ठामपणे दिसेना. रीडिंग मशीनच्या लिमिटजवळ आलं की आम्ही पण रिपोर्टवर सही करत नाही.

आणि इतकं मोठं विश्व तर मग कोणाचा फोन का नाही आला, हा तुझा आवडता. १९५० मध्ये एनरिको फर्मीने जेवताना हेच विचारलं होतं, सगळे आहेत कुठे. माझ्याकडे त्याचं एक प्लांटवालं उत्तर आहे. एचटूएस अगदी थोडा असला तरी नाकाला लगेच कळतो, पण तो फार वाढला, हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या, म्हणजे १०० पीपीएमच्या वर वगैरे, की नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एक सिनियर काका संपच्या, म्हणजे सांडपाणी साठवायच्या खड्ड्याच्या तोंडाशी वाकून म्हणाले, आता काही वास नाही, उतरा. गॅसचा मीटर केकाटत होता. मी त्यांची कॉलर धरून मागे ओढलं, नंतर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून वास नाही म्हणजे गॅस नाही असं कोणी बोललं की माझं डोकं फिरतं, आधी विचारते मोजलंस कशाने.

आपण मोजलंय किती? जिल टार्टर, ज्यांनी आयुष्यभर परग्रहावरचे सिग्नल शोधले, त्या म्हणायच्या की अख्ख्या समुद्रातून ग्लासभर पाणी घेऊन बघितलंय, त्यात मासा नाही म्हणून समुद्रात मासे नाहीत म्हणणार का. २०१८ ला काही जणांनी परत हिशोब केला, तर ग्लासाचा फार तर छोटा स्विमिंग पूल झाला. आणि एकदा काहीतरी हाताला लागलंय असं वाटलं होतं, पुन्हा १९७७ च बरं का, १५ ऑगस्ट, ओहायोच्या दुर्बिणीला ७२ सेकंदांचा जोरदार सिग्नल. ७२ च का, तर ती दुर्बीण जागची हलत नव्हती, पृथ्वी फिरेल तसं आकाश तिच्यासमोरून सरकायचं आणि एका जागेला तेवढाच वेळ मिळायचा. परत कितीतरी वेळा शोधला, नाही मिळाला. ती दुर्बीण पुढे पाडली आणि तिथे गोल्फचं मैदान केलं.

खोडदला रेडिओ दुर्बिणी बघायला आपण गेलो होतो ना २८ फेब्रुवारीला, माळशेजला तुझी उलटी, मोबाइल बंद करायला लावले म्हणून मामाची चिडचिड. त्या ४५ मीटरच्या डिश बघून तू विचारलंस यांना एलियन ऐकू येतात का. मी म्हटलं माहीत नाही, चल भूक लागलीय. सांगायला हवं होतं की त्याच डिशांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापरेल्ली लँडरचा बारीकसा आवाज ऐकला होता, थेट नारायणगावजवळच्या शेतात, आणि तो आवाज मधेच थांबला. लँडर आपटला होता.

मंगळावरून आठवलं, ज्याने माझी खरी झोप उडते ते हे. जुलै २०२४ मध्ये तिथल्या पर्सिव्हियरन्स रोव्हरला एका खडकावर बिबट्यासारखे ठिपके दिसले, जुन्या कोरड्या नदीच्या पात्रातला चिखलाचाच दगड. ठिपक्यांमध्ये बहुधा व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट आहेत, लोखंडाचे फॉस्फेट आणि सल्फाइड. पृथ्वीवर हे दोन्ही कुठे मिळतात माहितीये, बिनऑक्सिजनच्या गाळात, जंतू सडकं-कुजकं खाताना. जंतूंशिवायही बनू शकतात, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये छापताना त्यांनी "संभाव्य" शब्द सोडला नाही. रोव्हरने त्या दगडाला भोक पाडून सॅम्पल काढलं, नळीत बंद केलं, नंबर टाकला. आणि ती नळी अजून रोव्हरच्या पोटातच आहे! आणायचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज आला आणि प्लॅन अडकला. चीनवाले २०२८ च्या आसपास आपलं यान पाठवणार आहेत, ते वेगळी माती आणतील. सव्वीस वर्षं सॅम्पलिंग करतेय मी, पावसात, रात्रपाळीत, तापात, पण सॅम्पल काढून लॅबला पाठवलंच नाही असं एकदाही झालेलं नाही. आमच्याकडे असं केलं असतं तर मेमो मिळाला असता.

रबाळे आलं. मामाला तू काही उत्तर देऊ नकोस, मी ग्रुपवर टाकते, नाहीतर तो म्हणेल पोरगं उलट बोलतं. आणि शनिवारी येताना डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा आण, तिसरा आहे तो.

आई