पॅकेजमागचे तास विचारा

महोदय,
इंदूरची मराठी मुले मुंबई-दिल्लीच्या बड्या लॉ फर्मचे पॅकेज ऐकूनच होकार कळवतात, याची काळजी वाटते. त्यात दरमहा ठरलेली रक्कम किती आणि बोनस किती, हे आधी वेगळे काढावे. भाडे पहिल्यातूनच भागते. नेमणूक बहुधा रिटेनर (पगारी कर्मचारी नव्हे, ठरलेल्या फीवर काम करणारा वकील) म्हणून असते : टीडीएस 10 टक्के कापतात, पीएफ-ग्रॅच्युइटी नाही. बिलेबल तासांचे, म्हणजे अशिलाच्या बिलात लावल्या जाणाऱ्या तासांचे लक्ष्य जरूर विचारावे. वर्षाला 2000 तास म्हणजे 48 आठवडे, दर आठवड्याला सुमारे 42. पण बिलात न धरले जाणारे काम मिळून ऑफिसात 60 सहज होतात. वातावरणाची चौकशी एचआरकडे नव्हे, त्याच टीममधून बाहेर पडलेल्या ज्युनिअर वकिलांकडे करावी. सुट्टी मंजूर होऊनही रद्द होते का, हेही विचारावे.

– एक वकील, इंदूर