पट्टुकोट्टईच्या गलाईवाल्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

फोन केला असता, पण "असू दे गं पोरी" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

समुद्री गवत पुन्हा लावायच्या कामासाठी मी तमिळनाडूत, तुमच्या पट्टुकोट्टईकडे आले होते. ज्यांनी दुभाषा देतो, गावात ओळख करून देतो असा शब्द दिला होता, त्यांनी मी तिथे पोहोचल्यावर फोन उचलणंच बंद केलं. नंतर निरोप आला, "सध्या शक्य नाही." मोठ्या पाटीची माणसं ती. तुम्ही तर मला ओळखतही नव्हता. विट्याकडची पोरगी अडकलीय एवढं कानावर आलं, आणि तुम्ही भट्टी बंद करून स्टँडवर हजर! दुष्काळानं आपल्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईला, म्हणजे सोनं गाळायला, देशभर पांगली, त्यांच्याबद्दल लहानपणापासून ऐकत होते. त्यांचा आधार काय असतो ते तिथे कळलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. तंजावरच्या सरफोजीराजांनी बांधलेला मनोरा जिथे आहे, त्या पाल्कच्या उपसागरात उथळ पाण्याखाली समुद्री गवताची कुरणं आहेत. हे शेवाळ नव्हे. याला मुळं असतात, फुलं येतात. कोळंबी-खेकड्यांची पिल्लं यात वाढतात, आणि डुगाँग म्हणजे समुद्रगाय यावरच जगते. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांनी हे गवत मुळासकट उपटलं जातं. तमिळनाडू सरकारनं २०२२ मध्ये तिथलं ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र डुगाँगसाठी राखीव केलं. उजाड तळावर गवत पुन्हा लावायचं तर बांबूच्या चौकटीला काथ्याच्या दोऱ्या ताणतात, त्यांना कोंब बांधतात आणि चौकट तळाशी ठेवतात. पुढे बांबू कुजून जातो, गवत राहतं. पण हे कुठे लावायचं आणि उद्या राखणार कोण, हे किनाऱ्यावरच्या माणसांशिवाय कोण सांगणार?

आणि ती माणसं बोलायला तयार नव्हती. का असावीत? आधी येऊन गेलेल्यांनी फॉर्म भरून घेतले, फोटो काढले आणि परत तोंड दाखवलं नाही.

काका, त्या दिवशी मी वही उघडून पहिला प्रश्न विचारला आणि तुम्ही तो तमिळमध्ये सांगितलाच नाहीत. माझ्या वहीवर हात ठेवलात. ॲसिडनं पिवळी पडलेली तुमची बोटं अजून डोळ्यांसमोर आहेत. मग त्या म्हाताऱ्या कोळीबाबांसमोर वाळूत मांडी घातलीत, पांढऱ्या लुंगीची पर्वा न करता, आणि त्यांनाच विचारलंत, "तुमच्या मनात हिला विचारायचं काय आहे?" बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गवत उगवलं की आमच्या होड्या बंद करणार का?" तुम्ही ते मला जसंच्या तसं सांगितलंत. गोड केलं नाहीत, मधलं काही गाळलं नाहीत. माझं उत्तरही तसंच त्यांना दिलंत: होड्या बंद करायचा अधिकार मला नाही, आणि त्या बंद होणार नाहीत असं वचनही मी देऊ शकत नाही.

त्यानंतर बाबा स्वतः उठले. प्रवाह कुठे मंद आहे, कुठे पूर्वी गवत दाट होतं आणि कुठे चौकट टिकणार नाही, हे काठीनं वाळूत रेघा मारून त्यांनी दाखवलं. घरातल्या बायका कोंब बांधायला बसल्या. मूळ खाली राहील आणि पातीला काच बसणार नाही अशी सैल गाठ त्यांनीच मला शिकवली. कुठल्या पुस्तकात ती मला सापडली नव्हती.

लोकसहभाग हा शब्द अहवालात मीही लिहीत आलेय. तुम्ही तो वापरला नाहीत. समोरच्याचं आधी ऐकायचं, एवढंच केलंत, आणि तेही दिवसाचा धंदा बुडवून. वर पेट्रोलचे पैसे देऊ केले तर रागावलात. काकूंनी निघताना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, त्यांनाही माझा नमस्कार सांगा. अशी माणसं आहेत म्हणून परक्या मुलुखात एकट्या पोरीला भीती वाटत नाही.

आता आणखी एक काम सांगते, हक्कानं. अहवालाचा कच्चा मसुदा तमिळमध्ये करून घेतलाय, कुरियरनं पाठवतेय. तो बाबांना आणि त्या बायकांना वाचून दाखवा. त्यांचं म्हणणं मी चुकीचं लिहिलं असेल तिथे खूण करून परत पाठवा. त्यांनी हो म्हटल्याशिवाय तो पुढे जाणार नाही.

तुमची,
विट्याची पोरगी