वाळवंटातली धूळ आणि आपला पाऊस

लीड्स, इंग्लंड
17 जून

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले की, आभाळ भुरकट झाले आहे, ढग येतात आणि न बरसताच निघून जातात, मृग असाच चालला आहे, तर हवेतली ही धूळच पाऊस अडवते का? धूळवाफेवर पेरलेल्या भाताची काळजी त्या प्रश्नामागे होती, हे मला समजले. फोनवर अर्धवट काही सांगून त्यावर तुमचा पेरणीचा निर्णय उभा राहावा, हे मला पटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जून-जुलैत अरबी समुद्रावर जी धूळ पसरते, ती आपल्याकडची नसते. इराकमधील तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांचे गाळाचे मैदान, सौदी अरेबियातील रुब अल खाली हे वाळवंट आणि इराण-अफगाणिस्तान सीमेवरचे सिस्तानचे खोरे या तिच्या मोठ्या जागा आहेत. उन्हाळ्यात इराकवरून इराणच्या आखाताकडे शमाल नावाचा वायव्येचा वारा वाहतो आणि सिस्तानात तर सलग चार महिने सुटणारा वारा प्रसिद्ध आहे. हे वारे बारीक माती काही किलोमीटर उंच नेतात आणि तिचा थर समुद्रावर येऊन थांबतो. उपग्रहाच्या चित्रात निळ्या पाण्यावर तो पिवळट पट्टा स्पष्ट दिसतो.

या मातीत लोहाची खनिजे असतात आणि ती ऊन शोषून घेतात, त्यामुळे धुळीचा थर ज्या उंचीवर असतो तिथली हवा तापते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ चांगला धरला की बाहेरची हवा आपोआप तोंडातून आत ओढली जाते, तसेच काहीसे तिथे घडते: तापलेली हवा वर उचलली जाते, खालचा दाब उतरतो आणि नैर्ऋत्येकडून येणारा बाष्पाने भरलेला वारा जोर धरतो. 2014 मध्ये व्ही. विनोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदी आणि संगणकीय प्रारूप यांच्या आधारे दाखवले की, पश्चिम आशिया आणि अरबी समुद्रावर धूळ वाढली की सुमारे आठवड्याभरात मध्य भारतातला पाऊस वाढतो. म्हणजे बाबा, तुम्हाला वाटते त्याच्या उलट, लांबच्या वाळवंटातली धूळ कधी कधी पाऊस आणायला हातभार लावते.

तरीही हे वाचून लगेच निश्चिंत होऊ नका. त्या संशोधनात मध्य भारताचे म्हटले आहे, कोल्हापूरचे नाही. गगनबावडा आणि राधानगरीचा पाऊस मुख्यतः सह्याद्रीमुळे पडतो, कारण समुद्रावरून आलेला वारा डोंगराला आपटून वर चढतो आणि घाटमाथ्यावर रिता होतो. तो वारा वाढला तर आपल्यालाही लाभ होणार हे खरे, पण धुळीमुळे आपल्या शिवारात अमुक दिवशी पाऊस पडेल, असे मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

शिवाय धुळीचा दुसरा गुण याच्या अगदी विरुद्ध आहे. वरची हवा तापवताना ती जमिनीवर येणारे ऊन कमी करते. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक हा मान्सूनच्या मुळाशी आहे, आणि तो फरकच कमी झाला तर पाऊस मंदावू शकतो. वीरभद्रन रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दक्षिण आशियावरच्या धुरकट आवरणाबद्दल हाच धोका मांडला होता, मात्र तिथे मुख्य दोष चुलींच्या, वाहनांच्या आणि कारखान्यांच्या काजळीचा व धुराचा होता. एकच कण वर तापवतो आणि खाली सावली धरतो, म्हणून तो कोणत्या उंचीवर आहे, खाली समुद्र आहे की जमीन, आणि त्याच्यात लोह किती, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. धुळीतल्या खनिजांचे प्रमाण वेगवेगळी प्रारूपे वेगवेगळे धरतात आणि म्हणून त्यांची उत्तरे जुळत नाहीत. यासाठीच जुलै 2022 मध्ये नासाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर एक उपकरण बसवले, जे वाळवंटांच्या पृष्ठभागावरील खनिजांचा नकाशा तयार करते.

आता माझ्या रोजच्या कामाविषयी, कारण आई नेहमी विचारते की, तू तिथे दिवसभर नेमके काय करतेस. माझे काम धुळीच्या तिसऱ्या गुणाशी, म्हणजे पाण्याचे थेंब गोठवण्याशी, निगडित आहे. काचेच्या चकतीवर पाण्याचे बारीक थेंब ओळीने ठेवायचे, प्रत्येक थेंब एक मायक्रोलिटरचा, त्यात थोडी धूळ मिसळलेली. मग चकती दर मिनिटाला एक अंश या गतीने थंड करत न्यायची आणि वरच्या कॅमेऱ्यातून पाहत राहायचे. थेंब गोठतो तेव्हा त्याची पारदर्शकता एका क्षणात जाते. ढगातले अतिसूक्ष्म, निर्मळ थेंब उणे 35 अंशांपर्यंतही पाणीच राहू शकतात, पण त्यांच्यात पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार या खनिजाचा कण असला तर ते उणे 15 च्या आसपास गोठू लागतात. हे 2013 मध्ये लीड्सच्याच संशोधकांनी दाखवले. तोवर सर्वांचे लक्ष चिकणमातीच्या खनिजांकडे होते. उंच ढगात बर्फाचे कण तयार झाले की पावसाची प्रक्रिया बदलते. आपल्या घाटावरचे पावसाळी ढग मात्र बरेचसे ठेंगणे असतात आणि बर्फाच्या उंचीला न पोचताच बरसतात, त्यामुळे माझे हे काम घाटापेक्षा वळवाच्या आणि गारांच्या उंच ढगांना अधिक लागू पडते.

इथल्या माणसांबद्दलही लिहायला हवे. या शास्त्रातले लोक एकमेकांचे म्हणणे सहजासहजी मान्य करत नाहीत आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. विल्यम लाउ यांनी 2006 मध्ये मांडले की, हिमालयाच्या दक्षिण उतारावर साचलेली धूळ आणि काजळी तिथली हवा तापवून मान्सूनला लवकर ओढून घेते. 2010 मध्ये सुमंत निगम आणि मास्सिमो बोलासिना यांनी निरीक्षणे पुढे ठेवून तो दावा तपासला आणि त्याला आक्षेप घेतला. हा वाद आजही चालू आहे. एप्रिलमध्ये व्हिएन्नाला युरोपीय भूविज्ञान संघाची सभा भरते, तिथे जगभरातले हजारो लोक येतात, आणि अशाच एका वादात दोन ज्येष्ठ प्राध्यापक एका विद्यार्थिनीच्या भित्तिपत्रकासमोर उभे राहून तिच्याच आकडेवारीवरून तासभर चर्चा करताना मी पाहिले. तिला मध्येच थांबवून कोणी मोठेपणा दाखवला नाही. मला हे फार आवडते.

दुसरी बाजू अशी की, नोकऱ्या दोन-तीन वर्षांच्या कराराच्या असतात, आणि दर कराराला देश बदलावा लागतो. माझ्या गटातली एक मैत्रीण लग्नानंतर पतीपासून दोन खंडांइतकी दूर राहते. मी अजून पुढचे ठरवलेले नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत धुळीचे आणि ढगांचे चांगले काम चालते, महाबळेश्वरला त्यांची ढगांची प्रयोगशाळाही आहे, आणि तिथे यायला मिळाले तर मला मनापासून आवडेल.

आता मूळ गोष्टीकडे वळते. पावसाने ओढ दिली म्हणून घाईने दुबार पेरणी करू नका. हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्यासाठी येतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. तेवढ्या मुदतीपुरता तो तुमच्या कामाचा आहे. उगवण विरळ झाली असेल तर पाऊस लागल्यावर नांग्या भरता येतील आणि त्यासाठी कोपऱ्यावरच्या वाफ्यात थोडा तरवा आताच टाकून ठेवा. विहिरीचे पाणी तेवढ्याला पुरेल. बाबा, तुम्ही पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठला वहीत लिहिताच, तिच्याशेजारी त्या दिवशी जोतिबाचा डोंगर स्पष्ट दिसला की धूसर, एवढेच लिहीत चला. चार महिन्यांची नोंद झाली की तिचे फोटो मला पाठवा, मी ती उपग्रहाच्या धुळीच्या नोंदींशी ताडून पाहीन.

आईच्या गुडघ्याचे औषध संपत आले असेल, तेही आणून ठेवा. लहानांना आशीर्वाद.

आपली,
धाकटी