पाटी कुणाच्या नावावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या दुकानदारांनी आता ऑनलाइन यावं, हल्ली दोन तासांत वेबसाइट उभी राहते, अशा अर्थाचा लेख आपल्या अंकात वाचला. त्यात खोटं काही नाही. फक्त एक गोष्ट राहून गेली आहे आणि तीच मला महागात पडली, म्हणून हे पत्र.

मी मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोरे बनवतो. वडिलांच्या काळापासून आमचा माल मोठ्या शहरांतली दुकानं घ्यायची आणि त्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून विकायची. भोपळा पंढरपूरकडचा, हात आमचे आणि नाव दुकानाचं. 2018 साली वेबसाइट तयार करण्याचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीचा मुलगा गल्लीत आला. पहिलं वर्ष स्वस्त, डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव फुकट, कोडिंग यायला नको, असं त्याने सांगितलं. ते खरं निघालं. आमच्या सूनबाईंनी जेवणं आटोपल्यावर बसून दोन रात्रींत साइट उभी केली. चित्र उचलायचं, हवं तिथे सोडायचं, की झालं.

गमतीही झाल्या. ते सॉफ्टवेअर कपड्यांच्या दुकानाचा विचार करून बनवलेलं असावं. प्रत्येक वस्तूला 'साइज' विचारायचं: स्मॉल, मीडियम, लार्ज. बायकी तंबोरा स्मॉल आणि पुरुषी तंबोरा लार्ज, असं आम्ही ठोकून दिलं. 'ॲड टू कार्ट' हे बटण सहा महिन्यांत एकानेही दाबलं नाही. तंबोरा कुणी न ऐकता घेत नाही. मग सूनबाईंनी ते बटण काढून तिथे फोन नंबर टाकला. लोक व्हिडिओ कॉल करायचे, मी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारांची गुंज, ऐकवायचो, मग सौदा ठरायचा. पुढच्या तीन वर्षांत 64 तंबोरे थेट गिऱ्हाइकाला गेले, त्यातले बरेच परदेशी. प्रत्येकाच्या खुंट्यांमागे आमची स्वतःची चिठ्ठी लावली होती. त्यावर आमचं नाव, मिरज, आणि खाली वेबसाइटचा पत्ता. वडील असते तर त्यांनी ती चिठ्ठी चष्मा लावून दोनदा वाचली असती.

दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचे दहा हजार आणि 18 टक्के जीएसटी मिळून 11,800 रुपये कार्डावरून आपोआप कापले जायचे. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आला, की अशा आपोआप कपातीला ग्राहकाची नव्याने परवानगी लागेल आणि रक्कम पाच हजारांच्या (ही तेव्हाची मर्यादा) वर असेल तर दर वेळी ओटीपी. नियम आमच्या भल्याचाच. पण आमच्या कार्डाची जुनी परवानगी त्यात बाद झाली आणि नोव्हेंबरमध्ये पैसे गेलेच नाहीत. कंपनीने इशाऱ्याचे मेल पाठवले होते म्हणे. ते गेले त्या विक्रेत्या मुलाच्या मेलवर, कारण खातं उघडताना त्याने घाईत स्वतःचा मेल टाकला होता. तो तर नोकरी सोडून कधीच गेला होता. लॉकडाऊननंतर धंदाही थंड होता. साइट बंद दिसली तेव्हा आम्ही म्हटलं, राहू दे, पैसे आले की चालू करू.

'राहू दे' म्हटलं तिथेच चुकलं. साइट बंद पडणं निराळं आणि नाव हातचं जाणं निराळं. डॉट कॉम नावाची मुदत संपली की साधारण काही आठवडे ते नेहमीच्या पैशांत परत मिळू शकतं. त्यानंतर 30 दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं. मग आणखी पाच दिवस, आणि पुढे ते जगात कुणीही घ्यावं. अशी चालत्या दुकानांची नावं टिपायला लोक टपून बसलेले असतात, कारण त्या पत्त्यावर लोकांची ये-जा आयती असते.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत पेढे वाटले. ती बातमी वाचून न्यू जर्सीतल्या आमच्या एका गिऱ्हाईक बाईंनी कौतुकाने आपल्या तंबोऱ्यामागची चिठ्ठी पाहिली आणि शिष्यांना दाखवायला तो पत्ता उघडला. रात्री मला फोन आला, "काका, तुमच्या वेबसाइटवर जुगार चाललाय." उघडून बघतो तर खरंच, पत्त्याच्या पट्टीत आमच्या आजोबांचं नाव आणि खाली फिरणारं चक्र न् नाण्यांचा पाऊस.

कंपनीला फोन लावला. तिथे माणूस नाही, यंत्र बोलतं. चार दिवसांनी एक मेल आला. डोमेन 'योजनेचा भाग' होतं, नोंदणी तुमच्या नावावर नव्हती, त्यामुळे काही करता येणार नाही. साइटवरचा मजकूर आणि फोटो तरी द्या म्हटलं, तर ते पुसले गेले होते. चालू असताना मागितले असते तरी ती साइट उचलून दुसरीकडे मांडता आली नसती. ती त्यांच्याच सॉफ्टवेअरवर चालते.

2022 मध्ये सरकारने दुकानं-आस्थापनांचा कायदा बदलून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली, तेव्हा मी पेंटर बोलावून पाटी रंगवून घेतली. ती माझ्या भिंतीवर आहे, मी काढली तरच निघेल. वेबसाइट म्हणजे भाड्याचा गाळा. फर्निचर मालकाचं, भाडं मालक ठरवणार, आणि मालकही बदलतो. वीबली ही अशीच अमेरिकी कंपनी 2018 मध्ये स्क्वेअर नावाच्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. गुगल दुकानदारांना फुकट साध्या वेबसाइट देत असे, त्याही मार्च 2024 मध्ये बंद झाल्या. गाळा सोडावा लागला तर सोडू, त्याची तक्रार नाही. पाटी मात्र खांद्यावर टाकून नेता आली पाहिजे. नाव आपल्या नावावर असलं तर ते नेता येतं. मागितल्यावर कंपनीने पाच दिवसांच्या आत हस्तांतराचा, म्हणजे नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवण्याचा, कोड द्यावा, असा डॉट कॉमसारख्या नावांना नियमच आहे. हे मला 64 चिठ्ठ्या गेल्यावर कळलं.

म्हणून या कंपन्यांकडे माझं एकच मागणं आहे. बिलावर मराठीत तीन ओळी छापा: डोमेन कुणाच्या नावावर आहे, कुठल्या मेलवर आहे, कधी संपतं. इतक्या भाषांत जाहिराती करता, तीन ओळी जड नाहीत. आणि दुकानदार बंधू-भगिनींनो, घरात कुणाला तरी बसवून आजच हे बघून घ्या. 'फुकट डोमेन' हे शब्द दिसले तर आधी तेच विचारा.

आम्ही आता नवं नाव घेतलं आहे, सूनबाईंच्या नावावर आणि त्यांच्याच मेलवर. देवनागरीतला 'डॉट भारत' पत्ताही मिळतो, 2014 पासून. पण न्यू जर्सीच्या बाई तो टाइप कशा करणार, म्हणून इंग्रजीच घेतला. नव्या चिठ्ठ्या छापून आल्या आहेत. जुन्या वह्या काढून एकेका गिऱ्हाइकाला टपालाने पाठवतो आहे, सोबत डिंकाने कशी चिकटवायची ते लिहून. 64 पैकी 41 पत्ते सापडले. उरलेले 23 तंबोरे कुणाच्या घरी वाजतात, ते त्या बंद साइटच्या खात्यात होतं.

— एक तंबोरेवाले, मिरज
(नाव व पत्ता संपादकांकडे)